मिलिसेकंद नेमके कुठे खर्च होतात?

वडिवळ्याहून कामशेतला आलं की मुंबई-पुण्याच्या तिन्ही वाटा एकमेकींना खेटून जाताना दिसतात. १८६३ साली बोरघाट चढून आलेला लोहमार्ग, जुना महामार्ग आणि २००२ मध्ये पूर्ण झालेला एक्स्प्रेसवे. चौथी वाट दिसत नाही. ऑप्टिकल फायबरच्या तारा बहुतेक वेळा रस्त्याच्या आणि रुळांच्या कडेनेच पुरतात, त्यामुळे डोंगराने जे माणसांच्या बाबतीत ठरवलं तेच डेटाच्या बाबतीतही ठरतं.

या वाटांच्या दोन टोकांना आज क्लाउडची केंद्रं आहेत. मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०१५ मध्ये अझ्युरची तीन भारतीय रीजन एकदम सुरू केली: पुणे, मुंबई आणि चेन्नई. पुण्याच्या रीजनचं अधिकृत नाव ‘सेंट्रल इंडिया’. यादीत ते वाचून कुणालाही नागपूर डोळ्यांसमोर यावं. ॲमेझॉनचं मुंबई रीजन जून २०१६ मध्ये आलं, गुगलचं २०१७ मध्ये, आणि ॲमेझॉनचं हैदराबाद नोव्हेंबर २०२२ मध्ये. हिंजवडीतल्या कितीतरी टीम्सचा डेटाबेस आज एका रीजनमध्ये आणि ॲप्लिकेशन दुसऱ्यात असतं. त्या दोहोंमध्ये संदेश जाऊन उत्तर परत यायला लागणारा वेळ, म्हणजे लेटन्सी, मोजण्याबद्दल मात्र चांगल्या अनुभवी माणसांच्याही मनात काही पक्के गैरसमज बसलेले आहेत.

गैरसमज: क्लाउडला अंतर नसतं

असतं, आणि ते किलोमीटरमध्येच असतं. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे पोकळीतल्या वेगाच्या दोन तृतीयांश. यावरून एक सोपा हिशेब निघतो: अंतराच्या दर १०० किलोमीटरला जाऊन-येऊन १ मिलिसेकंद. मुंबई-पुणे हवाई अंतर १२० किलोमीटर धरलं तर १.२ मिलिसेकंद. मुंबई-चेन्नई हजारेक किलोमीटर, म्हणजे १०. सिंगापूरला सुमारे ३,९०० किलोमीटर, म्हणून ३९. लंडनला ७,२०० किलोमीटरच्या आसपास, म्हणून ७२. हे आकडे भौतिकशास्त्राने घातलेली किमान मर्यादा आहेत. प्रत्यक्षात तार सरळ रेषेत जात नाही, वाटेत राउटर लागतात, त्यामुळे खरा आकडा याहून मोठाच येणार.

हा किमान आकडा मी प्रत्येक मोजणीच्या शेजारी लिहून ठेवायला सांगते. तो दोन्ही बाजूंनी उपयोगी पडतो. मोजलेली लेटन्सी किमान आकड्याच्या तिप्पट-चौपट आली तर संदेश भलत्याच मार्गाने फिरतोय अशी शंका घ्यावी. आणि ती किमान आकड्यापेक्षा कमी आली तर आनंद मानू नये. मोजणी चुकली आहे. लंडनच्या सर्व्हरकडून ५ मिलिसेकंदांत उत्तर येऊच शकत नाही. ते उत्तर मुंबईतल्या एखाद्या कॅशेने किंवा प्रॉक्सीने दिलेलं असतं, आणि तुम्ही तोच आकडा लंडनच्या नावावर नोंदवत असता.

‘मग उपग्रहावरून गेलं तर अंतर वाचेल ना?’ हाही प्रश्न येतो. त्याचं उत्तर पुणे जिल्ह्यातच आहे. जुन्नर तालुक्यातल्या आर्वीला १९७१ मध्ये विक्रम भूकेंद्र सुरू झालं आणि भारताचे परदेशी फोन उपग्रहावरून जाऊ लागले. भूस्थिर उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतो. संदेश वर जाऊन खाली यायला जवळजवळ २४० मिलिसेकंद आणि उत्तराला तेवढेच. बेरीज ४८० च्या घरात. परदेशातल्या नातेवाइकाशी बोलताना दोघं एकदमच बोलायला लागायचे, ते यामुळे. हल्ली खालच्या कक्षेत फिरणाऱ्या उपग्रहांनी हा वेळ बराच कमी केला आहे, पण क्लाउडच्या रीजनांना जोडणारा मुख्य भार आजही जमिनीखालच्या आणि समुद्राखालच्या तारांवरच आहे.

गैरसमज: लाइन मोठी घेतली की काम वेगात होतं

एक्स्प्रेसवेला लेन वाढवल्या तर एका वेळी जास्त गाड्या जातील, पण अंतर तेवढंच राहील. खोपोली ते कुसगाव या मिसिंग लिंकने १९ किलोमीटरचं अंतर १३ वर आणायचं ठरवलं, ती गोष्ट वेगळी. बँडविड्थ म्हणजे लेन, लेटन्सी म्हणजे अंतर.

त्यातून लेटन्सीच बँडविड्थ खाऊन टाकू शकते. टीसीपीमध्ये पाठवणारा ठरावीक डेटा पाठवतो आणि पोचपावतीची वाट पाहतो. एका वेळी ६४ किलोबाइट पाठवायची मुभा असेल आणि पोच यायला २०० मिलिसेकंद लागत असतील, तर सेकंदाला ३२० किलोबाइटच जातील, म्हणजे साधारण २.६ मेगाबिट. लाइन १ गिगाबिटची घेतली असली तरी! ही मुभा वाढवण्याची सोय १९९२ पासून टीसीपीत आहे, आजच्या प्रणालींत ती मुळातच चालू असते. तरीही एखादी जुनी फायरवॉल मध्ये बसून ती बंद पाडते, आणि कंपनी बिचारी आणखी मोठी लाइन विकत घेते.

गैरसमज: पिंग करून पाहिलं, सगळं ठीक आहे

कुठून केलं? कामशेतजवळच्या फार्महाउसवरून काम करणाऱ्या माणसाने पुण्यातल्या सर्व्हरला पिंग केलं, तर ते पुण्याच्या दिशेने जाईलच असं नाही. घरच्या इंटरनेट कंपनीचं आणि क्लाउड कंपनीचं जाळं जिथे जोडलेलं असेल तिथूनच ते वळणार. अशी जोडणी बरेचदा मुंबईत असते. म्हणजे संदेश आधी घाट उतरतो आणि मग पुन्हा घाट चढून पुण्याला जातो. हा आकडा त्या माणसाच्या अनुभवाचा आहे. दोन रीजनांमधल्या लेटन्सीबद्दल तो काहीही सांगत नाही. ती मोजायची तर एका रीजनमधल्या व्हर्च्युअल मशीनवरून दुसऱ्या रीजनमधल्या मशीनकडे मोजावी लागते, आणि खरा डेटा ज्या खाजगी पत्त्यावरून आणि ज्या पोर्टवर जातो त्याच वाटेने.

पोर्ट म्हणायचं कारण आहे. पिंग ज्या प्रकारचे संदेश वापरतं त्यांना राउटर दुय्यम मानतात, फायरवॉल तर थेट अडवतात. ट्रेसरूट चालवलं की मधल्या ओळींत तीन चांदण्या दिसतात, किंवा ते वारंवार चालवलं तर एखाद्या टप्प्यावर ७० टक्के संदेश हरवल्याचं दिसतं आणि नवखा इंजिनिअर लगेच तिथे बोट ठेवतो. ते आउटपुट नीट वाचा. सातव्या टप्प्यावर ७० टक्के हरवले, पण आठव्या, नवव्या आणि शेवटच्या टप्प्यावर शून्य, तर सातव्यावर काहीच हरवत नाहीये. तो राउटर इतरांचे संदेश मुकाट पुढे पाठवतोय, फक्त स्वतः उत्तर द्यायला वेळ काढत नाहीये. नुकसान सातव्यापासून शेवटपर्यंत टिकून राहिलं तरच ती तक्रार खरी. म्हणून ४४३ किंवा डेटाबेसच्या पोर्टवर टीसीपी जोडणी उघडायला किती वेळ लागतो ते मोजणं अधिक भरवशाचं.

आणखी एक. जाण्याचा आणि येण्याचा वेळ वेगवेगळा मोजायचा मोह होतो. त्यासाठी दोन्ही मशीनची घड्याळं मिलिसेकंदाच्या अंशापर्यंत जुळलेली लागतात. ती तशी नसतील तर फेरीचा एकूण वेळच घ्यावा, तो एकाच घड्याळाने मोजला जातो.

गैरसमज: सरासरी चांगली आहे ना, मग झालं

समजा १०० मोजण्यांपैकी ९८ वेळा ३ मिलिसेकंद लागले आणि दोनदा ४००. सरासरी येते ११. हा ११ चा आकडा प्रत्यक्षात एकदाही घडलेला नाही! आता एक पान उघडताना ॲप्लिकेशन डेटाबेसला एकामागून एक ४० प्रश्न विचारतं असं धरा. ते दोन टक्के इकडेतिकडे विखुरलेले असतील, तर ४० पैकी निदान एक प्रश्न अडकण्याची शक्यता ५५ टक्के निघते. म्हणजे निम्म्याहून अधिक लोकांना पान रेंगाळताना दिसणार, आणि डॅशबोर्ड हिरवा. म्हणूनच मध्यक, ९५ वा आणि ९९ वा शतमक वेगळे नोंदवायचे. अलर्ट ९९ व्यावर लावायचा, तोही सलग काही मिनिटं बिघडलेला राहिला तरच वाजेल असा. नाहीतर रात्रपाळीची माणसं फोन बंद करून ठेवतात.

हेच ४० प्रश्न पुणे-मुंबईत ३ मिलिसेकंदांनी १२० मिलिसेकंद घेतात. डेटाबेस सिंगापूरला नेला तर किमान हिशेबानेच १,५६० होतात. इथे नेटवर्कचा दोष काहीच नाही. ते ४० प्रश्न दोन-तीन प्रश्नांत बसवणं हे प्रोग्रॅमरचं काम आहे, आणि लेटन्सीची नोंद त्याच्यापर्यंत पोचली तरच तो ते करील.

गैरसमज: दोन कंपन्यांच्या लाइन घेतल्या म्हणजे दोन वाटा झाल्या

हा सगळ्यांत महाग पडणारा गैरसमज. २४ फेब्रुवारी २०२१ ला मुंबईत राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार सकाळी ११.४० ला थांबले आणि दुपारी ३.४५ ला पुन्हा सुरू झाले. मुख्य केंद्र आणि जवळचं पर्यायी केंद्र यांच्यात दोन दूरसंचार कंपन्यांच्या लाइन होत्या. दोन्ही डळमळल्या. बाजाराने नंतर दिलेल्या खुलाशात कारण होतं दोन केंद्रांमधल्या रस्त्यावरची खोदाई आणि बांधकाम. त्यापुढे डेटा साठवणारी यंत्रणाही जशी वागायला हवी होती तशी वागली नाही.

बिलं दोन असली तरी चर एकच असू शकतो. मुंबई-पुण्यादरम्यानच्या मावळात तर डोंगरच पर्याय कमी ठेवतो: बोरघाट चढायचा आणि इंद्रायणीच्या खोऱ्यातून पुढे जायचं. म्हणून कंपनीकडून दोन्ही तारांचा नकाशा मागून घ्यावा. मोजणीतूनही सुगावा लागतो. दोन ‘स्वतंत्र’ लाइनींची लेटन्सी एकाच मिनिटाला एकाच मापाने उसळत असेल, तर त्या कुठेतरी एकत्र जात आहेत.

अंतराचा दुसरा पेच इथेच येतो. प्रत्येक व्यवहार दोन्ही ठिकाणी लिहिला गेल्यावरच पक्का मानायचा, तर प्रत्येकामागे एक फेरी द्यावी लागते. फेरी १.२ मिलिसेकंदांची असेल तर एकामागून एक सेकंदाला आठशेच्या आसपास व्यवहार बसतात. १० ची असेल तर १००. म्हणून जवळचं केंद्र परवडतं. पण जवळच्या केंद्रावर तीच आपत्ती येऊ शकते. त्यामुळे सेबीने बाजारांना आपत्ती-केंद्र शक्यतो वेगळ्या भूकंप-पट्ट्यात, आणि ते जमलं नाही तर किमान ५०० किलोमीटर दूर ठेवायला सांगितलं आहे. पुणे हे मुंबईचं चांगलं जवळचं केंद्र आहे, दूरचं केंद्र म्हणून ते पुरत नाही.

गैरसमज: क्लाउड कंपनी आकडे देतेच, आपण कशाला मोजायचं?

अझ्युर, ॲमेझॉन आणि गुगल तिघंही रीजनांमधल्या लेटन्सीचे आकडे दाखवतात. रीजन निवडताना ते जरूर पाहावेत. पण ते त्यांच्या जाळ्याचे आकडे आहेत. तुमची फायरवॉल, तुमचा व्हीपीएन, तुमचा गेटवे त्यात नाही. शिवाय मार्ग बदलतात. ६ सप्टेंबर २०२५ ला तांबड्या समुद्रात जेद्दाजवळ मुंबईला युरोपशी जोडणाऱ्या दोन तारा, सी-मी-वी-४ आणि आय-मी-वी, निकामी झाल्या. मध्यपूर्वेतून जाणाऱ्या संदेशांची लेटन्सी वाढेल असं मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं आणि वाहतूक दुसऱ्या मार्गांनी वळवली. ‘चालू की बंद’ एवढंच पाहणाऱ्या देखरेखीला अशा दिवशी काहीही दिसत नाही, कारण सगळं चालूच असतं.

त्यासाठी दर मिनिटाला थोडी मोजणी, दोन्ही दिशांनी, बारा महिने चालू ठेवायची, आणि आकडा उसळला की त्याच क्षणी ट्रेसरूट आपोआप चालून साठवला जाईल अशी सोय करायची. दुसऱ्या दिवशी मार्ग पूर्ववत झालेला असतो आणि कंपनीकडे तक्रार न्यायला हातात पुरावा उरलेला नसतो.