छोट्या आगगाडीचा आराखडा आणि संगणक



कळमन्याचें नांव घेतलें म्हणजे नागपूरकरांस दोन गोष्टी आठवतात. एक धान्य, मिरची आणि संत्र्यांचा मोठा बाजार, आणि दुसरी मालगाड्यांचें यार्ड. जेथें रात्रंदिवस डब्यांची ये-जा चालू असते, तेथील मुलांस आगगाडीचा नाद लागावा यांत नवल नाहीं. यांपैकीं कांहीं मुलें हल्लीं घरांतल्या फळीवर छोटे रूळ मांडून लहानसें स्टेशन उभारण्याचा बेत करतात, आणि आम्हां जुन्या मास्तरांस विचारतात कीं, आराखडा काढावयास कोणतें सॉफ्टवेअर घ्यावें? ह्या प्रश्नाचें उत्तर देण्याचें आज योजिलें आहे. मात्र आरंभींच एक गोष्ट सांगून ठेवतों. ह्या उत्तराचा मोठा भाग संगणकांत नसून फूटपट्टींत आहे.

हा छंद म्हणजे पोरखेळ, असें कोणी समजूं नये. पुण्यास कोथरूड भागांत भाऊ जोशी यांचें छोट्या आगगाड्यांचें संग्रहालय १९९८ सालीं लोकांस खुलें झालें. तेथील गाड्या १:८७ ह्या प्रमाणाच्या, म्हणजे खऱ्या गाडीच्या ८७ व्या हिश्श्याएवढ्या आहेत. मेजावर वसविलेल्या शहरांतून त्या धांवूं लागल्या म्हणजे आजोबा आणि नातू सारख्याच कौतुकानें पाहत राहतात.

आपल्या नागपुरासही अशा मांडणीस योग्य असा विषय लाभला आहे. बंगाल-नागपूर रेल्वेनें अडीच फुटी, म्हणजे ७६२ मिलिमीटर रुंदीच्या रुळांचें जाळें ह्या भागांत पसरिलें होतें. त्यांतील नागपूर-नागभीड हा मार्ग १९०८ सालीं सुरू झाला. उमरेड, भिवापूर इकडील माणसें शंभराहून अधिक वर्षें त्या छोट्या गाडीनें नागपुरास आलीं. पुढें मोठे रूळ घालण्याच्या कामासाठीं नोव्हेंबर २०१९ मध्यें ती गाडी बंद झाली. नागपुरांत मोतीबाग येथें नॅरोगेज रेल्वेचें संग्रहालय २००२ सालापासून आहे. तेथें इंजिनें व डबे पाहावयास मिळतात. परंतु स्टेशनांतला सांधा कोठें होता, मालधक्का फलाटाच्या कोणत्या बाजूस होता, इंजिन पाणी कोठें घेई, ह्या गोष्टी इंजिनाकडे पाहून कळत नाहींत. त्या ज्यांनीं डोळ्यांनीं पाहिल्या ते लोक आज आपल्यांत आहेत, आणि ते वयोवृद्ध आहेत. म्हणून जो मुलगा आज त्यांना विचारून हा आराखडा नीट काढील, त्याच्या हातून खेळतां खेळतां एक नोंदही होऊन जाईल. आराखडा खरा असावा असें मी म्हणतों तें ह्याच कारणानें.

आतां सॉफ्टवेअरकडे वळण्यापूर्वीं तीन हिशेब करूं. ते सातवींतल्या विद्यार्थ्यासही येतील.

पहिला हिशेब रुळांच्या रुंदीचा. १:८७ ह्या प्रमाणास परदेशांत एच-ओ असें म्हणतात, आणि त्याचे तयार रूळ १६.५ मिलिमीटर रुंदीचे मिळतात. ही रुंदी युरोप-अमेरिकेतील १४३५ मिलिमीटरच्या रुळांवरून घेतलेली आहे. आपलें ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचें. त्यास ८७ नें भागिलें तर सुमारें १९.३ येतात. म्हणजे बाजारांतले तयार रूळ आपल्या मोठ्या गाडीस पावणेतीन मिलिमीटर अरुंद पडतात. आतां छोटी गाडी घ्या. ७६२ ला ८७ नें भागिलें तर ८.७६ येतात, आणि एन नांवाच्या १:१६० प्रमाणासाठीं ९ मिलिमीटर रुंदीचे रूळ बाजारांत तयार असतात. फरक पाव मिलिमीटरचा, म्हणजे नखाच्या जाडीएवढाही नाहीं. म्हणून कित्येक परदेशी हौशी लोक आपल्या नॅरोगेज गाड्या ह्याच ९ मिलिमीटरच्या रुळांवर चालवितात. पेको ह्या इंग्रज कंपनीनें तर त्याच रुंदीचे, पण नॅरोगेजसारखे दूर दूर स्लीपर असलेले रूळ काढले आहेत.

दुसरा हिशेब वळणाचा. रेल्वेचे इंजिनीअर वळण अंशांत मोजतात. १७५० ह्या संख्येस त्या अंशांनीं भागिलें म्हणजे वळणाची त्रिज्या मीटरांत मिळते. ब्रॉडगेजवर १० अंशांपर्यंतच्या वळणास मुभा आहे, म्हणजे त्रिज्या १७५ मीटर. तीस ८७ नें भागिलें तर दोन मीटर होतात. तेव्हां मोठी गाडी खऱ्या प्रमाणांत परत वळवावयाची तर खोलीची रुंदी चार मीटरांहून अधिक पाहिजे. नॅरोगेजवर मात्र ४० अंशांपर्यंत मुभा आहे, म्हणजे त्रिज्या सुमारें ४४ मीटर, आणि ८७ व्या हिश्श्यानें अर्धा मीटर. प्लायवुडची नेहमींची फळी आठ फूट बाय चार फूट, म्हणजे २४४० मिलिमीटर लांब व १२२० मिलिमीटर रुंद असते. अर्ध्या मीटरच्या त्रिज्येचें वळण तींत बसतें, आणि दोन्ही कडांस ११ सेंटिमीटर जागा उरते. म्हणजे त्या एका फळीवर मोठी गाडी खोटीच वळवावी लागेल, आणि छोटी गाडी खरी वळूं शकेल. नागपूरच्या मुलानें कोणता विषय घ्यावा, हें ह्या भागाकारानेंच सांगितलें.

तिसरा हिशेब चढाचा. एक रूळ दुसऱ्यावरून पुलानें न्यावा, अशी प्रत्येक मुलाची हौस असते. १:८७ प्रमाणांत खालच्या गाडीस वाव राहावा म्हणून वरचा रूळ सुमारें ७५ मिलिमीटर उंच न्यावा लागतो. ३३ स एक असा बराच कडक चढ धरला तरी त्यासाठीं अडीच मीटर लांबी लागते. ती तर फळीच्या लांबीहूनही अधिक आहे. शिवाय चढून गेलेल्या गाडीस तितकेंच अंतर उतरावयास पाहिजे. तेव्हां त्या फळीवर चढ घालावयाचा तर तो सर्व घेरभर पसरावा लागेल, आणि मग स्टेशनासाठीं सपाट जागा उरणार नाहीं. पूल हवा कीं स्टेशन, हें आधींच ठरवावें.

आराखड्याचें सॉफ्टवेअर करतें तें मुख्यतः हेंच तीन हिशेब, पण प्रत्येक तुकड्यासाठीं आणि क्षणार्धांत. म्हणून त्याची पारख करतांना रंगीत चित्रें पाहून भुलूं नये. आपण मनांत योजिलेली गोष्ट फळीवर बसत नसेल, तर तें पैसे खर्च होण्यापूर्वीं जें स्पष्टपणें दाखवितें, तें चांगलें सॉफ्टवेअर. रूळ बहुधा परदेशाहून येतात. चुकीचा तुकडा आला तर तो परत करणें कठीण, आणि मुलाच्या खाऊच्या पैशांत दुसरा येणें त्याहून कठीण.

आतां प्रत्यक्ष नांवें सांगतों. एनीरेल हें हॉलंडांत तयार झालेलें सॉफ्टवेअर शिकावयास फार सोपें आहे. यादींतून तुकडा उचलून आणला कीं तो शेजारच्या तुकड्यास आपण होऊन जोडला जातो. तें विंडोजवर चालतें, आणि ५० तुकड्यांपर्यंत फुकट वापरतां येतें. पुढें परवान्याचे पैसे पडतात. स्कार्म हें बल्गेरियाच्या मिलेन पीव यांनीं रचिलेलें सॉफ्टवेअरही विंडोजवरचेंच. त्याची फुकट मर्यादा १०० तुकड्यांची आहे. काढलेली मांडणी उभी करून सर्व बाजूंनीं पाहण्याची सोय त्यांत चांगली असल्यामुळें पूल आणि चढ यांची कल्पना लवकर येते.

एक्सट्रॅककॅड हें तिसरें. तें मुक्त स्वरूपाचें आहे, म्हणजे त्यास मूल्य नाहीं, तुकड्यांची मर्यादा नाहीं, आणि तें विंडोज, लिनक्स व मॅक ह्या तिन्हींवर चालतें. ज्या शाळेंतील संगणकावर लिनक्स आहे, तिला हेंच सोयीचें. काढलेल्या मार्गावरून पडद्यावरच गाडी चालवून पाहतां येते, म्हणजे डबे सोडण्या-जोडण्यास जागा पुरते कीं नाहीं तें कळतें. मात्र तें शिकावयास चिकाटी पाहिजे. पहिल्या आठवड्यांत कंटाळून सोडून देणारे पुष्कळ.

चौथें टेम्पलॉट. हें इंग्लंडच्या मार्टिन विन यांचें, आणि आतां तेंही फुकट मिळतें. त्याची जात निराळी आहे. तयार तुकडे जोडणें हें त्याचें काम नव्हे. जे कारागीर स्लीपर कापून त्यांवर स्वतः रूळ बसवितात, त्यांच्यासाठीं सांध्यांचे नमुने पूर्ण आकारांत छापून देणें हें त्याचें काम होय. ज्यास आपलें ब्रॉडगेज १९.३ मिलिमीटरांचें, अगदीं खरें करावयाचें आहे, त्यास तयार रूळ मिळणारच नाहींत. तेव्हां हाताची कला आणि हें सॉफ्टवेअर हाच त्याचा मार्ग.

ह्या चारांतून निवड करण्यासाठीं चार कसोट्या लावाव्या.

पहिली कसोटी तुकड्यांच्या यादीची. पेको, काटो, हॉर्नबी, मार्कलिन अशा प्रत्येक कंपनीच्या वळणांच्या त्रिज्या व सांध्यांचे कोन वेगळे असतात. जे रूळ आपणांस खरोखर मिळणार आहेत, त्यांची यादी त्या सॉफ्टवेअरमध्यें आहे काय, हें आधीं पाहावें. ती नसेल तर बाकीचे सर्व गुण व्यर्थ होत.

दुसरी कसोटी मर्यादेची. आपले तुकडे आधीं मोजावे. साडेबावीस अंशांच्या वळणांनीं पूर्ण वर्तुळ करावयास १६ तुकडे लागतात. त्यांत दोन्ही बाजूंचे सरळ रूळ मिळविले तर फळीवरचा साधा लांबट घेर तीसएक तुकड्यांचा होतो. त्यावर एक लूप आणि दोन सायडिंग घातल्या कीं पन्नासाची मर्यादा संपलीच. वांकविता येणारे लांब रूळ वापरले तर तोच घेर थोड्या तुकड्यांत भागतो.

तिसरी कसोटी छपाईची. आराखडा पूर्ण आकारांत कागदांवर छापून, ते कागद चिकटवून फळीवर पसरतां आले पाहिजेत. छापतांना कागदांत मावेल तसें लहान करण्याची जी सोय छपाईयंत्रांत असते, ती बंद करावी. आराखड्यांत बरोबर दहा सेंटिमीटरांची एक रेघ काढून ठेवावी आणि पहिलें पान छापतांच ती पट्टीनें मोजावी. रेघ साडेनऊ भरली तर पुढचीं सारीं पानें फुकट जातील.

चौथी कसोटी टिकाऊपणाची. सॉफ्टवेअर बदलतें, संगणक जुना होतो, आणि एका सॉफ्टवेअरची फाइल दुसऱ्यांत सहसा उघडत नाहीं. जो आराखडा नोंद म्हणून ठेवावयाचा, त्याची एक प्रत चित्ररूपानें आणि एक प्रत कागदावर असावी. तिच्यावर स्टेशनाचें नांव, कोणत्या सालची स्थिति, आणि कोणाच्या आठवणीवरून काढली, हें लिहावें.

माझा सल्ला विचाराल तर असा आहे. ज्यास तयार रुळांवर पहिलीच मांडणी करावयाची आहे, त्यानें एनीरेल आणि स्कार्म ह्या दोहोंत तोच एक लहान घेर काढून पाहावा आणि जें हातास वळेल तें ठेवावें. आराखडा मर्यादेबाहेर वाढला आणि परवान्यास पैसे नसले, तर एक्सट्रॅककॅड नेटानें शिकावें. तो अभ्यास वायां जाणार नाहीं. हातानें रूळ घडविणाऱ्यानें टेम्पलॉट घ्यावें. ज्यास अजून कांहींच ठरवितां येत नाहीं, त्यानें जुन्या वर्तमानपत्रांचे ताव चिकटवून फळीएवढा कागद करावा, आणि सुतळीच्या एका टोंकास पेन्सिल बांधून अर्ध्या मीटरचें वळण काढून पाहावें. ह्या साधनास परवाना लागत नाहीं.

यापुढचें काम संगणकाबाहेरचें आहे. टेप घेऊन मोतीबागेच्या संग्रहालयांत जावें, परवानगी घेऊन डब्याची लांबी, रुंदी व उंची मोजावी आणि तीस ८७ नें भागावें. उमरेड वा भिवापूरकडे कोणी आप्त असतील तर त्यांच्याकडून स्टेशनाचा कच्चा नकाशा काढून घ्यावा. एकाची आठवण चुकूं शकते, म्हणून तोच नकाशा दुसऱ्या दोघांस दाखवावा. तिघांचें जेथें जुळेल तेथें पक्की रेघ मारावी आणि जेथें जुळणार नाहीं तेथें तुटक. एवढें झाल्यावर संगणकापुढें बसावें. रूळ विकत घेण्याची घाई नाहीं, ते पुढच्या वर्षींही मिळतील. ज्यांना विचारावयाचें, त्यांच्याकडे मात्र ह्याच सुटींत जावें.