पट्टी काळी चार, लोकल ८.१२ची!

कराओके नाइट झाली, ऑफसाइटला अंताक्षरी झाली. पण मुंबईचा अस्सल मेल कोरस रोज सकाळी तुमच्या नाकासमोरून जातो आणि तुम्ही कानात हेडफोन खुपसून उभे असता!

एक साधा प्रश्न. चारचौघांत, मोठ्यानं, मोकळ्या गळ्यानं शेवटचं कधी गायलात? बाथरूम मोजायचं नाही. मित्राच्या लग्नातला तो धांगडधिंगाही नाही.

आठवत नाही ना? मी सांगतो. गणपतीत! सोसायटीच्या मंडपात किंवा मावशीच्या हॉलमध्ये. हातात टाळ, समोर ताट, शेजारी कधी नव्हे तो खालच्या मजल्यावरचा बॅचलर. आरतीतला तो लांबलचक सूर आला की सगळे जीव खाऊन ताणतात. ज्याचा श्वास सर्वांत शेवटी तुटतो तो जिंकला. कुणी सुरात असतं, कुणी नसतं. फरक पडत नाही, कारण बेसुराला शेजारचा सांभाळून घेतो. मंत्रपुष्पांजलीपर्यंत अंगावर काटा आलेला असतो. मग विसर्जन होतं आणि आपला गळा वर्षभरासाठी माळ्यावर जातो.

काही पुरुषांचा मात्र जात नाही. ते रोज गातात. स्टेज नाही, माइक नाही, तिकीट आहे पण ते रेल्वेचं! लोकलमधल्या भजनी मंडळांबद्दल बोलतोय मी.

मी, पार्लेकर, अधला-मधला

पार्लेकराची लोकलमध्ये काही पत नसते. बोरिवलीहून सुटलेली स्लो अंधेरीला गच्च भरते आणि पार्ल्याला येईस्तोवर बसणं सोडाच, टेकायचीही सोय नसते. त्यामुळे भजन आपल्या वाट्याला येतं ते नेहमी मध्येच. पहिला अभंग जोगेश्वरीच्या आसपास संपलेला, दुसरा ऐन रंगात.

माझं ऑफिस तेव्हा चर्चगेटला होतं. पार्ल्यात गाण्याची वानवा नाही हे मला माहीत होतं. हृदयेश फेस्टिव्हल आहे, दीनानाथ मंगेशकर नाट्यगृह आहे, १९२३ साली स्थापन झालेला लोकमान्य सेवा संघ आहे, दुपारी घरोघरी जमणारी महिला भजनी मंडळं आहेत. पण हे सगळं एकतर ऐकायचं किंवा आईनं करायचं. नोकरदार पुरुषानं गायचं कुठे आणि केव्हा? सकाळी धावपळ, रात्री नुसता भुगा. उरला तो लोकलमधला पाऊण तास. बायकांचं भजन घराघरांत रंगलं, पुरुषांचं डब्यात. मला तरी याचं कारण भक्तीपेक्षा टाइमटेबलमध्येच दिसतं.

पहिले काही महिने मी हेडफोनचा आवाज वाढवून उभा राहायचो. एके दिवशी बॅटरी गेली. समोर बसलेल्या काकांनी हात पुढे केला.

“साहेब, बॅग द्या इकडे. आणि हे धरा.”

हातात पितळी टाळांची जोडी!

“अहो काका, मला येत नाही.”

“येतं कुणाला? बुवांच्या पायाकडे बघा. पाय पडला की टाळ.”

खारपर्यंत मी सगळे टाळ चुकीच्या जागी मारले. कुणी ढुंकून पाहिलं नाही. वांद्र्याला कधीतरी माझा हात बुवांच्या पायाला सापडला आणि दादर आलं तेव्हा मी चक्क तोंड उघडलं होतं. बॉस, खरं सांगतो, त्या दिवशी ऑफिसात मी एकाही ईमेलवर चिडलो नाही.

बुवा उचलणार, आपण झेलायचं

यामागचा फंडा सोपा आहे. चर्चच्या क्वायरमध्ये चार वेगवेगळ्या ओळी एकावर एक रचतात. भजनात सगळ्यांची ओळ एकच. बुवा ओळ उचलतात, बाकीचे ती झेलतात. बुवा तीच ओळ वळवून, फिरवून, वर नेऊन पुन्हा टाकतात, आपण पुन्हा झेलायची. ठेका बहुतेक आठ मात्रांचा, पायी चालणाऱ्या माणसाला जमेल असा. सुरुवातीला रूपाचे अभंग, मग इतर अभंग, मध्ये गौळण, वेळ असेल तर भारूड, मग गजर. लय हळूहळू चढत जाते. पखवाज लोकलमध्ये आणणं कठीण, म्हणून ढोलकी. तीही नसेल तर डब्याचा पत्रा आहेच!

बुवांची पट्टी उंच असते. काळी चार म्हटलं की आपल्यासारख्यांचा गळा फाटतो. पण नेमकी हीच गंमत आहे. एकट्याला न लागणारा सूर पंधरा जणांत लागतो. निदान लागल्यासारखा वाटतो.

याच गाण्याचं मैदानी रूप म्हणजे कोकणातली डबलबारी. दोन बुवा, दोन मंडळं, एकानं प्रश्न टाकायचा, दुसऱ्यानं गाण्यातून उत्तर द्यायचं, पब्लिक रात्रभर जागं. परशुराम पांचाळ, चिंतामणी पांचाळ, काशीराम परब ही नावं चाकरमान्यांच्या घरात अजून आदरानं घेतली जातात. मुंबईतल्या नाट्यगृहांत तिकीट लावून डबलबारी होते. तिच्या पोस्टरवर बुवांचा फोटो मोठा असतो आणि खाली बारीक अक्षरात पखवाज, तबला, झांज यांच्यानंतर एक शब्द येतो : कोरस. तो बारीक अक्षरातला शब्द म्हणजे आपण!

खाणीतले, गिरणीतले

पुरुषांनी घोळका करून गाणं ही काही फक्त आपली खासियत नाही. वेल्समधल्या ऱ्होंडा खोऱ्यात एकोणिसाव्या शतकात कोळसा खाणीतल्या कामगारांनी मेल व्हॉइस क्वायर उभे केले. ट्रेऑर्की हे त्यातलं गाजलेलं नाव, त्याची मुळं १८८०च्या दशकातली. अमेरिकेत ११ एप्रिल १९३८ रोजी टल्सा शहरातल्या एका क्लबच्या गच्चीवर २६ पुरुष केवळ हौस म्हणून गायला जमले आणि त्यातून ‘बार्बरशॉप’ गाणाऱ्यांची अख्खी संघटना उभी राहिली. (त्या संघटनेनं स्त्रियांना सभासदत्व दिलं ते थेट २०१८ मध्ये. ऐंशी वर्षं लागली!)

आपल्याकडे खाणींच्या जागी गिरण्या होत्या. लालबाग-परळच्या चाळींत कोकणातून, घाटावरून आलेले गडी एकेका खोलीत दहा-पंधरा जण राहायचे. बायकामुलं गावी. अशा माणसांना संध्याकाळी धरून ठेवायला होती ती गावकीची मंडळं आणि भजन. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले आणि बहुतेकांना जुने दिवस परत मिळालेच नाहीत. चाळी रिकाम्या होत गेल्या, माणसं विरार, डोंबिवली, बदलापूरकडे सरकली. वेल्समध्ये १९८४-८५च्या संपानंतर खाणी मिटल्या. तिथले क्वायर मात्र उरले, कारण गाव होतं तिथेच राहिलं. आपलं गाव विस्कटलं. त्याचे तुकडे रोज सकाळी जिथे भेटू शकत होते अशी एक जागा उरली, लोकलचा डबा.

डब्यातल्या ब्रेकिंग न्यूज

दोन अभंगांच्या मधल्या अर्ध्या मिनिटात इथे बातमीपत्र होतं. कुणाच्या मुलीचं जमलं, कुणाचं प्रमोशन अडकलं, कुणाला रक्त हवंय, कुणाची आई गेली. वाढदिवसाला पेढे, संकष्टीला साखरफुटाणे. दसऱ्याआधीच्या दिवशी डब्याला तोरण, झेंडूच्या माळा, पूजा आणि सगळ्यांना प्रसाद. कुणी रिटायर होत असेल तर शेवटच्या दिवशी धावत्या गाडीत शाल-श्रीफळ. ऑफिसातला फेअरवेलचा केक त्यापुढे फिका पडतो.

मला याचा साक्षात्कार झाला तो एका साध्या प्रसंगानं. एक दिवस मला उशीर झाला, पुढची गाडी पकडली. दुसऱ्या दिवशी डब्यात शिरतो न शिरतो तोच काकांचा प्रश्न, “काल कुठे होता? बरं नव्हतं का?” ऑफिसात मी अर्धा दिवस उशिरा पोचलो तरी तिसऱ्या क्यूबिकलला पत्ता नसतो. इथे माझं नावही धड ठाऊक नसलेल्या माणसानं माझी गैरहजेरी मोजली होती.

विज्ञानही काकांच्या बाजूनं आहे म्हणे! स्वीडनच्या गोथेनबर्ग विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवलं की एकत्र गाताना गाणाऱ्यांचा श्वास जुळतो आणि त्यासोबत हृदयाचे ठोकेही एकत्र वर-खाली होतात. ऑक्सफर्डच्या गटानं २०१५ मध्ये प्रौढांच्या वेगवेगळ्या हौशी वर्गांची तुलना केली : गाण्याचे वर्ग, हस्तकलेचे, लेखनाचे. सात महिन्यांनी सगळेच एकमेकांच्या जवळ आले होते, पण गाणारे सर्वांत लवकर. टीम-बिल्डिंगवर लाखो उधळणाऱ्या एचआरनं याची नोंद घ्यायला हरकत नाही.

थांबा, तक्रारही आहे

सगळंच काही गोड नाही. ज्याची रात्रपाळी झालीय त्याला डुलकी हवी असते. ज्याला देवाधर्मात रस नाही त्यानं पाऊण तास का ऐकायचं? काही ग्रुप रुमाल टाकून सीटा अडवतात, नव्या माणसाला आत शिरू देत नाहीत. ती मग भक्ती राहात नाही, दादागिरी होते. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४५ मध्ये प्रवाशांच्या सुखरूप प्रवासात अडथळा आणणाऱ्यावर कारवाईची तरतूद आहे आणि ती टाळकऱ्यालाही लागू आहे. जे मंडळ चांगलं असतं ते हे ओळखून असतं. समोरच्यानं कपाळ चोळलं की ढोलकी हळू होते, म्हातारा चढला की टाळकरी उठतो. ज्याला हे कळत नाही, त्याच्या भजनाला लोक वैतागले तर दोष लोकांचा नाही.

सायलेंट मोड

मग मार्च २०२० आला. लोकल थांबल्या. जगभर क्वायर थांबले, कारण एकत्र गाणं हीच धोक्याची गोष्ट ठरली. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात १० मार्चला एका हौशी क्वायरची तालीम झाली. ६१ जण हजर होते. त्यांतले ५३ आजारी पडले, दोघं दगावले. आपल्याकडे सर्वसामान्यांना लोकलची दारं वेळेच्या बंधनासह उघडली ती १ फेब्रुवारी २०२१ ला. ती पुन्हा बंद झाली आणि दोन डोस घेतलेल्यांसाठी १५ ऑगस्टला परत उघडली.

गाडी आली, पण ८.१२ आली नाही. म्हणजे आली हो, रोज येते. पण ८.१२ला रोज येणारी माणसं उरली नाहीत. माझं ऑफिस हायब्रिड झालं : मंगळ, बुध, गुरू. कुणाचं सोम-शुक्र. कुणी एसी लोकलनं जाऊ लागलं, जी पश्चिम रेल्वेवर २५ डिसेंबर २०१७ पासून धावतेय. ऑक्टोबर २०२४ पासून आरे-बीकेसी भुयारी मेट्रोही आली. प्रवास छान झाला, थंड झाला, गप्प झाला. यात वाईट काहीच नाही. फक्त मंडळ ज्या एकाच गोष्टीवर उभं होतं, तीच गेली. तीच वेळ, तोच डबा, तीच माणसं.

काकांचा नोकरीतला शेवटचा दिवस शुक्रवारी होता. मला माहीत होतं. त्या दिवशी मी घरून काम करत होतो. दहाचा कॉल होता आणि उगाच गर्दीत कशाला जायचं, असा विचार केला. शाल-श्रीफळ झालं, फोटो व्हॉट्सअॅपवर आले. मी थम्ब्स-अप टाकला.

मंगळवारी डब्यात चढलो तर ढोलकीवाल्यानं पिशवीतून टाळ काढले. “काकांनी तुमच्यासाठी ठेवलेत. म्हणाले, पार्ल्याच्या साहेबांना द्या.” दोरी नवी बांधलेली होती.

आता मी सोमवारी आणि शुक्रवारीही ८.१२ पकडतो. चर्चगेटला उतरतो, चहा पितो, लॅपटॉप उघडतो. बॉसला वाटतं पोरगा सिन्सिअर झाला! आवाज माझा अजूनही फाटतो. पण भजनाला आवाज लागतो तो बुवांचा. आपली लागते ती हजेरी. आणि पुढचा एखादा घामाघूम पार्लेकर हेडफोन लावून दारात उभा दिसलाच, तर त्याची बॅग घ्यायला कुणीतरी तिथे हवं ना?

तुम्हालाही ट्राय करायचंय?

• आधी आठवडाभर एकाच गाडीला, एकाच डब्यात चढा. चेहरा ओळखीचा झाला की टाळ आपोआप हातात येतात.

• पहिल्या दिवशी फक्त टाळी. दुसऱ्या दिवशी झील. बुवांच्या वर सूर न्यायचा मोह आवरा.

• पाणी जवळ ठेवा. काळी चारची पट्टी एसीत बसणाऱ्या गळ्याला झेपत नाही.

• शेजारी कुणी झोपलं असेल तर आवाज खाली. तोही कुणाचा तरी काका आहे.

• लोकल जमत नसेल तर आसपासच्या देवळात एकादशीचं भजन असतंच. चप्पल काढा, मागे बसा. अर्ध्या तासात कुणीतरी पुढे बोलावेल.