दारू सोडायची आहे, पण ‘मीटिंग’ला जायचे कसे?

शाळेत पालकसभा असली की काही मुलांचे अब्बा कधीच येत नाहीत. अम्मी येते, प्रगतिपुस्तकावर सही करते आणि विचारले तर खाली बघून सांगते, “उनकी तबियत ठीक नहीं.” इतक्या वर्षांत त्या ‘तबियती’चा अर्थ आम्हाला कळू लागला आहे. दारू हराम आहे, म्हणून ती आपल्यात नाहीच, असे आपण धरून चालतो. मग ज्या घरात ती आहे त्या घराने बोलायचे कुणाशी? मोहल्ल्यात बदनामी, मुलीच्या रिश्त्याची काळजी, आणि वर्षे तशीच निघून जातात.

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातल्या अशा घरांसाठी एका सोयीची माहिती द्यायची आहे. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, म्हणजेच ए.ए. १९३५ साली अमेरिकेतल्या ॲक्रन शहरात एक शेअर दलाल आणि एक डॉक्टर, दोघेही दारूत बुडालेले, एकमेकांशी बोलून सावरले. त्यातून हे सुरू झाले. इथे फी नाही, फॉर्म नाही, आधार कार्ड नाही. दारू सोडण्याची इच्छा एवढीच अट. आडनावसुद्धा कुणी विचारत नाही.

मीटिंग शोधायला ए.ए.च्या भारतातल्या वेबसाइटवर शहरानुसार यादी मिळते. फोनवर विचारायचे असेल तर व्यसनमुक्तीसाठी सरकारची मोफत हेल्पलाइन १४४४६ आहे, आणि मानसिक आरोग्यासाठीची टेलि-मानस १४४१६. निघण्याआधी ग्रुपच्या नंबरवर एक फोन जरूर करा, कारण जागा आणि वेळा बदलत असतात. मीटिंग ‘ओपन’ आहे की ‘क्लोज्ड’ तेही विचारा. ओपनला घरचे माणूस सोबत बसू शकते, क्लोज्ड फक्त पिणाऱ्यांसाठी असते. भाषा कोणती चालते आणि मगरिबच्या नमाजशी वेळ जुळते का, हेही तेव्हाच विचारून घ्या.

ओळखीचे कुणी भेटेल ही भीती सगळ्यांनाच असते. आपल्याकडे त्यावर लोकलचा सोपा उपाय आहे. अंबरनाथच्या माणसाने बदलापूरला जावे, बदलापूरच्याने उल्हासनगरला किंवा सरळ कल्याणला. कुठल्याही गावच्या मीटिंगला कुणीही बसू शकतो. आणि तिथे ओळखीचा भेटलाच, तर तोही त्याच कामासाठी आलेला असणार!

आत काय होते? खुर्च्या मांडलेल्या असतात, बहुतेक ठिकाणी चहा असतो. एक-एक जण आपले नाव सांगून स्वतःची हकीकत बोलतो. मधे कुणी टोकत नाही, सल्ले देत नाही. पहिल्या दिवशी गप्प बसून ऐकले तरी चालते. तास-दीड तासात संपते. पहिल्या खेपेला “हे आपल्यासाठी नाही” असे वाटून परतणारे खूप असतात. म्हणून चार-पाच वेळा, जमल्यास वेगवेगळ्या ग्रुपमध्ये बसून मग ठरवावे.

आपल्या लोकांची एक शंका असते. मीटिंग कधी चर्चच्या हॉलमध्ये भरते, प्रार्थना होते, मग ईमानचे काय? जागा फक्त भाड्याने घेतलेली असते. ए.ए. कुठल्याही धर्माची संस्था नाही, आणि त्यांच्या बारा पायऱ्यांत ‘ईश्वर’ हा शब्द ज्याला जसा उमगला तसा घ्यायचा असतो. त्या पायऱ्यांत चूक कबूल करणे आहे, ज्यांचे नुकसान केले त्यांची भरपाई करणे आहे. तौबा आणि हुकूकुल-इबाद शिकलेल्या माणसाला यात परके काय वाटावे? बुखारी शरीफमध्ये एका माणसाची हकीकत आहे. पिण्याबद्दल त्याला पुन्हा पुन्हा शिक्षा झाली. कुणीतरी त्याच्यावर लानत केली, तेव्हा रसूलुल्लाह (स.) यांनी अडवले आणि सांगितले की हा अल्लाह आणि रसूलवर मोहब्बत करणारा आहे. घरात टोमणे मारताना ही हदीस आठवावी.

आता दोन धोके, जे आम्हाला सर्वांत महत्त्वाचे वाटतात. रमजान आला की काही जण एकदम बंद करतात. नियत चांगली, पण अनेक वर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने अचानक थांबवले तर हातपाय कापणे, घाम, आणि दोन-तीन दिवसांत फिट येणे किंवा भ्रम होणे असे घडू शकते. त्यात जीवही जातो. म्हणून थांबण्याआधी डॉक्टरांना दाखवा. उल्हासनगरला सरकारी मध्यवर्ती रुग्णालय आहे. भरती होऊन उपचाराची गरज असेल तर पुण्याचे मुक्तांगण १९८६ पासून हेच काम करते आहे.

दुसरा धोका म्हणजे नवऱ्याला न सांगता जेवणात मिसळायच्या पुड्या. त्यात बऱ्याचदा डायसल्फिराम असते. त्यावर माणूस प्यायला तर उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, मृत्यूही होऊ शकतो. हे औषध डॉक्टरच्या देखरेखीखाली आणि घेणाऱ्याला माहीत असतानाच द्यायचे असते. बाबा, हकीम, जाहिरात, कुणीही सांगो, गुपचूप देऊ नका.

आणि तो मीटिंगला यायला तयारच नसेल तर? भाभी, तुम्ही एकट्या जा. पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी अल-अनॉन नावाच्या वेगळ्या मीटिंगा असतात, मोठ्या मुलांसाठी अलाटीन. नवऱ्याने सोडलेली असो वा नसो, तिथे बसता येते. ए.ए.च्या नंबरवर फोन कराल तेव्हा जवळची अल-अनॉन कुठे भरते, हेही त्यांनाच विचारून घ्या.