थरथर लपवू नका

१९९६ साली अटलांटा ऑलिम्पिकची ज्योत पेटवताना मुहम्मद अलींचा हात थरथरत होता. साऱ्या जगाने तो पाहिला. अलींनी तो लपवला नाही. आपण मात्र घरातला असा हात पाहुण्यांपासून लपवतो. अब्बांचा चेहरा निर्विकार झाला, की ते रागावलेत असे समजतो. आवाज खोल गेला, की कंटाळलेत म्हणतो. मेंदूतले डोपामिन कमी झाल्याने होणारा हा पार्किन्सन्सचा आजार आहे.

ब्रुकलिनमधल्या मार्क मॉरिस यांच्या नृत्यसंस्थेने २००१ मध्ये अशा रुग्णांसाठी वर्ग सुरू केला. पाय जमिनीला खिळतात, तेव्हा ठेका धरला की पुष्कळदा पाऊल उचलते. पुढे हे रुग्ण प्रेक्षकांसमोर रंगमंचावर उभे राहिले. त्यांच्यावरचा ‘कॅप्चरिंग ग्रेस’ हा माहितीपट २०१४ मध्ये आला. आपल्या पुण्यातही नर्तक हृषीकेश पवार यांनी पार्किन्सन्सच्या रुग्णांसाठी नृत्याचे वर्ग घेतले आहेत.

नाच-नाटकाचे नाव काढताच काही घरांत भुवया उंचावतील. आमचा तो आग्रह नाही. पण त्यातला धडा आपलाही आहे: आजारी माणसाला चार लोकांत आणा. ‘एक-दोन’ मोजत त्यांच्यासोबत चाला. कुरआनची तिलावत मोठ्या आवाजात करू द्या. औषधाची वेळ चुकवू नका. सजद्यातून उठवत नसेल, तर खुर्चीवर नमाज पढण्याची सवलत आहे. त्यासाठी मशीद सुटू नये.

थरथर हा आजार आहे, ऐब नव्हे.