खांद्याच्या स्नायूंच्या दुखापती व प्रतिमांकन पद्धती : एक तुलनात्मक विवेचन

प्रस्तावना :
विरारमध्ये वाढलेला क्रिकेटपटू पृथ्वी शॉ याच्या डाव्या खांद्याला जानेवारी २०२० मध्ये कर्नाटकविरुद्धच्या रणजी सामन्यात क्षेत्ररक्षण करताना दुखापत झाली. ५ फेब्रुवारी रोजी तो हॅमिल्टन येथे भारताकडून खेळला. व्यावसायिक खेळाडूला तज्ज्ञ व तपासण्या त्वरित उपलब्ध होतात. मनवेलपाड्यातील ओझी वाहणाऱ्या कामगारापुढे मात्र पहिली तपासणी कोणती करावी, हा खर्चाचा व बुडणाऱ्या रोजाचाही प्रश्न असतो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार केला आहे.

पद्धतींची तुलना :
चार स्नायूंच्या कंडरांचे आवरण (रोटेटर कफ) खांद्याचा सांधा स्थिर ठेवते. क्ष-किरण चित्रात अस्थिभंग, निखळलेला सांधा व कॅल्शियमचे साठे दिसतात. कंडरा मात्र दिसत नाही. सोनोग्राफी तुलनेने स्वस्त असून हात हलवत असतानाच कंडरेचे निरीक्षण करता येते. परंतु तिची अचूकता तपासणाऱ्याच्या कौशल्यावर अवलंबून असते. एम.आर.आय.मध्ये कंडरेबरोबरच स्नायूची झीज व अस्थिमज्जाही दिसते. तथापि ती महाग असून काही पेसमेकरधारकांना करता येत नाही.

२०१३ च्या कॉक्रेन समीक्षेनुसार पूर्ण जाडीची फाट ओळखण्याची संवेदनक्षमता एम.आर.आय.ची ९४ टक्के, तर सोनोग्राफीची ९२ टक्के आढळली. अर्धवट फाटीबाबत हेच प्रमाण अनुक्रमे ७४ व ५२ टक्के होते. म्हणजेच पूर्ण फाटीसाठी दोन्ही पद्धती जवळपास तुल्यबळ आहेत. अर्धवट फाटीच्या बाबतीत मात्र सोनोग्राफीचा निर्दोष अहवाल अंतिम मानता येत नाही.

शस्त्रक्रियेपूर्वी आणखी एक बाब महत्त्वाची ठरते. फाटलेल्या कंडरेच्या स्नायूत हळूहळू चरबी साचते. गुटालिए यांनी १९९४ मध्ये सी.टी. स्कॅनच्या आधारे तिच्या ० ते ४ अशा श्रेणी मांडल्या. आज त्या प्रामुख्याने एम.आर.आय.वर ठरविल्या जातात. चरबी अधिक असल्यास कंडरा शिवूनही ताकद पूर्ववत होण्याची शक्यता घटते. म्हणून अपघातानंतर हात अचानक उचलता येईनासा झाल्यास तपासणी लांबणीवर टाकणे हानिकारक ठरते.

निष्कर्ष :
प्रथम शारीरिक तपासणी व क्ष-किरण चित्र, नंतर कुशल तज्ज्ञाकडून सोनोग्राफी आणि शंका उरल्यास किंवा शस्त्रक्रिया विचाराधीन असल्यास एम.आर.आय., हा क्रम सामान्य रुग्णास हितावह आहे. वाढत्या वयात वेदनाविरहित फाटीही आढळतात. म्हणून उपचार केवळ प्रतिमेवरून न ठरविता रुग्णाची तक्रार व हालचाल लक्षात घेऊनच ठरविणे आवश्यक आहे.