सुई-दोऱ्याचा डबा

आपल्या पांढुर्णा-सौंसर भागातल्या जुन्या घरांत एक पत्र्याचा डबा हमखास असायचा. कधी बिस्किटांचा, कधी मिठाईचा. झाकण उघडले की आत रिळे, चिंध्यांत टोचलेल्या सुया, निरनिराळी बटणे, हुक, मेणाचा तुकडा आणि एक बोथट कात्री. दुपारची भांडी आटोपली की आजी तो डबा घेऊन ओसरीवर बसायची आणि शाळेतून आलेल्या नातवंडाला हाक मारायची, "ये रे बाळा, सुईत दोरा ओवून दे." शिवणाचा पहिला धडा तोच.

आता डबा असला तरी माळ्यावर असतो. गेल्या वर्षी माझा मुलगा शिकायला नागपूरला गेला. महिनाभरात फोन आला, "आई, उद्या मुलाखत आहे आणि शर्टचे मधले बटण तुटले. रूमवर कोणालाच लावता येत नाही. शिंप्याचे दुकान बंद आहे." शेवटी सेफ्टीपिन लावून तो गेला. मुलाखत बरी झाली, पण मला मात्र रात्रभर झोप लागली नाही. पोराला दहावी-बारावीचे सगळे क्लास लावले, आणि बटण लावायला काही शिकवले नाही. मुलगा म्हणून तर मनातही आले नाही. चूक माझीच होती.

आपला हा भाग कापसाचा आहे. नागपूरला जमशेदजी टाटांची एम्प्रेस मिल १८७७ मध्ये सुरू झाली, ती याच पट्ट्यातल्या कापसाच्या भरवशावर. सौंसरच्या हातमागाचेही नाव आहे. ज्या भागात कापूस पिकतो आणि कापड विणले जाते, तिथे कापडाची किंमत माणसांना कळायची. म्हणूनच ते वाया जाऊ देत नसत.

नऊवारी लुगडे मधोमध विरले की त्याला दांड घालत. विरलेला भाग कापून टाकायचा आणि चांगली टोके एकमेकांना जोडून मधून शिवण घालायची. तेही फाटले की त्याची गोधडी व्हायची, नाहीतर बाळाचे दुपटे आणि झबले. जुने सुती कापड धुऊन धुऊन इतके मऊ झालेले असते की नव्या बाळाच्या अंगाला तेच बरे. पोळा जवळ आला की बैलांच्या झुलीही घरीच शिवल्या जात, रंगीत चिंध्यांच्या. संत्र्याच्या तोड्याला गेलेल्या माणसाची बाही कुंपणाच्या बाभळीत अडकून फाटायची आणि संध्याकाळी ती दिव्याजवळ दुरुस्त व्हायची.

ठिगळाची लाज कधी वाटायला लागली, कोण जाणे. विदर्भात गाडगेबाबा (१८७६-१९५६) चिंध्यांचे कपडे घालूनच गावोगाव फिरले. लोक त्यांना गोधडे महाराज म्हणत. त्यांच्या पाया पडताना कोणी ठिगळ मोजले नाही. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमध्ये १९४१ पासून कपड्यांचे रेशनिंग होते, तेव्हा तिथे सरकारच लोकांना जुने कपडे दुरुस्त करून वापरायला सांगत होते. जपानी शेतकऱ्यांच्या घरांतली अनेक पिढ्यांची ठिगळे लावलेली वस्त्रे आज संग्रहालयांत ठेवलेली आहेत. आपल्याकडे मात्र जरा उसवले की कपडा बोहारणीच्या गाठोड्यात जातो आणि बदल्यात एखादे पातेले येते.

शिकायला मशीन लागत नाही. एक सुई, एक रीळ आणि एक जुनी उशीची खोळ पुरे. मुलगा दिवाळीला आला तेव्हा आम्ही असेच बसलो.

आधी दोरा. हातभर घ्यायचा, त्याहून लांब नको. लांब दोऱ्याला गाठी पडतात आणि वेळ वाचण्याऐवजी जातो. टोक तिरपे कापले की सुईत पटकन जाते. दोरा मेणावरून एकदा ओढून घेतला की गुंतत नाही. सुईचा नंबर जितका मोठा तितकी ती बारीक, म्हणून मलमलीला बारीक आणि गोधडीला जाड सुई.

मग टाके. धावदोरा म्हणजे सुई वर-खाली करत सरळ पुढे जायची. गोधडीचा टाका हाच. शिवण उसवली असेल तर धावदोरा टिकत नाही, तिथे बखिया हवा: प्रत्येक टाक्याला सुई थोडी मागे घालून पुढे काढायची. पायजम्याचे किंवा परकराचे खालचे दुमडलेले काठ बसवायला तुरपाई. त्यात वरच्या कापडाचे एक-दोनच धागे सुईत घ्यायचे, म्हणजे बाहेरून टाका दिसत नाही. साडीला फॉल लावताना हेच करतो. फक्त फॉल आधी पाण्यात भिजवून वाळवून घ्या. नाहीतर पहिल्याच धुण्यात तो आटतो आणि साडीला चुण्या पडतात.

बटण लावताना एक गोष्ट बहुतेकांची चुकते. बटण कापडाला घट्ट चिकटवून शिवले की काजात बसत नाही आणि ओढाताण होऊन पुन्हा तुटते. बटणावर एक आगकाडी आडवी ठेवून तिच्यावरून टाके घाला. मग काडी काढा, बटण थोडे वर ओढा आणि खाली दोऱ्याचे चार-पाच वेढे देऊन गाठ मारा.

ठिगळासाठी कापड नेहमी धुतलेले आणि जुनेच घ्यावे. नवे, दणकट कापड विरलेल्या कापडाला लावले तर ते आजूबाजूचे कापड ओढून फाडते. ठिगळ भोकापेक्षा चारही बाजूंनी अर्धा इंच मोठे असावे आणि त्याचे उभे-आडवे धागे मूळ कापडाच्या धाग्यांशी जुळवावे. रफू करायचा असेल तर त्याच कपड्याच्या आतल्या दुमडीतले धागे काढून घ्या, रंग तंतोतंत जुळतो. आधी भोकावर उभे धागे घालायचे, मग आडवा धागा एक वर, एक खाली असा विणत न्यायचा. सुरुवात भोकाच्या कडेपासून नको, थोडी अलीकडच्या चांगल्या कापडातून करा. आणि दोरा ओढून ताणू नका.

मुलाची पहिली तुरपाई वाकडीतिकडी झाली. बोटाला सुईही टोचली. सासूबाई शेजारी बसून बघत होत्या. त्यांना आता सुईचे नेढे दिसत नाही, पण बोटांना सगळे आठवते. त्यांनी त्याच्या हातातून खोळ घेतली, चार टाके घालून दाखवले आणि परत दिली. "घे, आता तू कर." आजी आणि नातू इतका वेळ एकत्र बसल्याचे मी पुष्कळ दिवसांत पाहिले नव्हते.

२०२३ मध्ये पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला, सौंसर त्यातच आले. गावे वाढताहेत, मुले नागपूर, पुणे, इंदूरला जाताहेत. त्यांच्या बॅगेत लोणच्याची बरणी आणि चिवडा आपण आठवणीने ठेवतो. सोबत दोन सुया, काळा-पांढरा दोरा आणि चार बटणेही ठेवा. पण त्याआधी एखाद्या रविवारी मुलामुलींना घेऊन बसा. आणि घरात म्हातारे माणूस असेल तर त्यांनाच शिकवू द्या. त्यांच्या बोटांत जे आहे ते कुठल्या पुस्तकात मिळायचे नाही, आणि ते नेहमी आपल्याजवळ राहणारही नाही.

परवा मुलाचा फोटो आला. रूमवरच्या मित्राच्या शर्टला त्याने बटण लावले होते. दोरा निळा, शर्ट पांढरा. पण बटण पक्के होते.