‘माल संपला’ या विधानाचा अर्थ : नव्या स्मार्टफोनची टंचाई व मागणीचे पूर्वानुमान

१

नवा स्मार्टफोन विक्रीस आला म्हणजे बहुधा दोन वार्ता एकामागून एक प्रसृत होतात. ‘सर्व माल संपला’ ही पहिली आणि ‘मागणी अपेक्षेहून अधिक आली’ ही दुसरी. पहिलीवरून दुसरी आपोआप निष्पन्न होते असे सामान्यतः गृहीत धरले जाते. वस्तुतः या दोन विधानांचे विषयच भिन्न आहेत. ‘माल संपला’ या वाक्याचा कर्ता माल हा आहे. ग्राहकाचा त्यात उल्लेख नाही आणि आरंभी माल किती होता याचाही निर्देश नाही. शंभर नग ठेवले तर शंभर संपतात, लाख ठेवले तर लाख संपतात. वाक्य मात्र तेच राहते.

‘मागणी’ हा शब्दही असाच अनेकार्थी आहे. विशिष्ट किमतीस वस्तू घेण्याची ग्राहकाची तयारी, विक्रेत्यांनी कारखान्याकडे केलेली नोंदणी आणि प्रत्यक्ष झालेली विक्री या तिन्ही गोष्टींना व्यवहारात मागणीच म्हटले जाते. हा भेद केवळ शाब्दिक नव्हे. पुढील वेळी किती नग तयार करावयाचे याचा हिशेब या तिहींपैकी कोणत्या आकड्यावर आधारलेला आहे, यावर कोट्यवधी डॉलरांचे भवितव्य अवलंबून असते.

२

गूगलच्या ‘नेक्सस ४’ या फोनचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. एलजी या कंपनीने तयार केलेला हा फोन नोव्हेंबर २०१२ मध्ये विक्रीस आला आणि अनेक देशांत तो तासाभराच्या आतच संपला. पुढे कित्येक आठवडे ग्राहक ताटकळत राहिले. डिसेंबरमध्ये गूगलच्या ब्रिटनमधील प्रमुखांनी जाहीर दिलगिरी व्यक्त करताना, निर्मात्याकडून होणारा पुरवठा अपुरा व अनियमित असल्याचे सांगितले. जानेवारी २०१३ मध्ये एलजीच्या फ्रान्समधील मोबाइल विभागाच्या प्रमुखांनी दुसरी बाजू मांडली. गूगलने आपला अंदाज पूर्वीच्या नेक्सस फोनांच्या विक्रीवरून बांधला होता; ब्रिटन व जर्मनी येथे मात्र मागणी अंदाजाच्या दहापटीपर्यंत गेली, असे त्यांचे म्हणणे होते.

दोन्ही पक्षांची विधाने एकाच वेळी खरी असू शकतात. पुरवठा अपुरा होता हे खरे. परंतु तो कोणत्या आकड्याच्या मानाने अपुरा होता, हा प्रश्न उरतोच. पूर्वीचे नेक्सस फोन पुष्कळ महाग होते. नेक्सस ४ ची किंमत अमेरिकेत २९९ डॉलरांपासून सुरू होत होती. किंमत बदलली असता ग्राहकवर्गच बदलतो, आणि जुन्या विक्रीचा आकडा त्या नव्या वर्गाविषयी काहीही सांगू शकत नाही.

३

विक्री म्हणजे मागणी नव्हे, ही गोष्ट ॲपल कंपनीनेच एकदा स्पष्टपणे मान्य केली. आयफोनच्या नव्या नमुन्याची पहिल्या तीन दिवसांतील विक्री ही कंपनी कित्येक वर्षे प्रसिद्ध करीत असे : २०१० मध्ये १७ लाख, २०११ मध्ये ४० लाख, २०१२ मध्ये ५० लाख, २०१३ मध्ये ९० लाख, २०१४ मध्ये १ कोटी आणि २०१५ मध्ये १ कोटी ३० लाख. ही चढती श्रेणी लोकप्रियतेचा आलेख म्हणून वाचली जाई. परंतु सप्टेंबर २०१६ मध्ये आयफोन ७ च्या वेळी कंपनीने हा आकडा देण्याचे थांबविले. आरंभीची विक्री मागणीने नव्हे तर पुरवठ्याने ठरते, यास्तव तो आकडा प्रातिनिधिक राहिला नाही, असे कारण देण्यात आले. अर्थात् त्या श्रेणीचा काही भाग तरी कारखान्यांच्या वाढत्या क्षमतेचा आलेख होता.

संख्याशास्त्रात अशा आकड्यास खंडित निरीक्षण म्हणता येईल. भांडे भरून वाहू लागले म्हणजे पाऊस भांड्याच्या मापाहून अधिक पडला एवढेच कळते. किती अधिक, ते कळत नाही. जो अंदाजकर्ता भांड्याचे मापच पाऊस म्हणून नोंदवितो, तो गतवर्षीच्या टंचाईसच पुढील वर्षाचा अंदाज ठरवितो.

४

मग सदैव अधिक उत्पादन करावे, असे म्हणावे काय? त्याचेही उत्तर इतिहासात आहे. ब्लॅकबेरीचा झेड-१० हा फोन जानेवारी २०१३ मध्ये जाहीर झाला. त्याच वर्षी ऑगस्टअखेर संपलेल्या तिमाहीत कंपनीस मुख्यत्वे त्याच्या साठ्यापोटी सुमारे ९३.४ कोटी डॉलरांची हानी दाखवावी लागली. ॲमेझॉनचा ‘फायर फोन’ जुलै २०१४ मध्ये विक्रीस आला. ऑक्टोबरमध्ये कंपनीने मुख्यतः त्याच्या साठ्यापायी व पुरवठादारांशी केलेल्या करारांपायी १७ कोटी डॉलरांची हानी नोंदविली.

साठ्याच्या गणितात हा प्रश्न वृत्तपत्र-विक्रेत्याच्या दृष्टांताने मांडतात. सकाळी अंक किती घ्यावे? एक अंक विकल्यास ३ पैसे लाभ आणि उरल्यास २ पैसे तोटा असेल, तर मागणी भागण्याची संभाव्यता ३/५, म्हणजे शेकडा ६० होईल इतकेच अंक घेणे हिताचे ठरते. याचा अर्थ असा की, शंभरांपैकी चाळीस दिवशी अंक कमी पडणे हे शहाणपणाच्या हिशेबातच अंतर्भूत आहे. म्हणून टंचाई ही प्रत्येक वेळी चूक नसते, आणि प्रत्येक वेळी विक्रेत्याची चतुराईही नसते. स्मार्टफोनच्या बाबतीत अडचण अशी की, सुट्या भागांची नोंदणी विक्रीच्या कित्येक महिने आधी करावी लागते आणि वस्तूचे मूल्य मात्र पुढील नमुना येताच घसरते.

५

यात आणखी दोन गुंतागुंती आहेत. पहिली नमुन्यांच्या प्रमाणाची. २०१३ मध्ये ॲपलने ५एस व ५सी असे दोन फोन एकदमच विक्रीस आणले. ग्राहकांचा कल अपेक्षेहून अधिक प्रमाणात महाग अशा ५एसकडे झुकला, आणि त्यानुरूप उत्पादनाचे प्रमाण बदलण्यास काही काळ गेला, असे कंपनीच्या प्रमुखांनी जानेवारी २०१४ मध्ये सांगितले. एकूण बेरीज बरोबर असूनही तिचे घटक चुकू शकतात.

दुसरी गुंतागुंत विक्रेत्यांच्या वर्तनाची. हाऊ ली, पद्मनाभन् व वांग यांनी १९९७ च्या आपल्या निबंधात तिचे विवेचन केले आहे. टंचाईत मागितल्याच्या निम्मेच नग मिळतात असे दिसले की विक्रेता दुप्पट नग मागू लागतो. कारखान्यास ही मागणीतील वाढ भासते. पुरवठा सुरळीत होताच त्या नोंदी रद्द होतात आणि वाढविलेले उत्पादन गोदामात पडून राहते. अशा रीतीने एक टंचाई पुढील अतिरिक्त साठ्याची जननी ठरते.

६

फिशर व रामन यांनी १९९६ मध्ये फॅशनच्या कपड्यांविषयी सुचविलेला मार्ग येथेही विचारार्ह आहे. ज्यांचा अंदाज विश्वसनीय आहे अशा वस्तूंचे उत्पादन आधी करावे आणि अनिश्चित वस्तूंचा निर्णय आरंभीच्या नोंदी हाती येईपर्यंत राखून ठेवावा, हे त्याचे सार होय. मात्र त्या नोंदी नेमक्या कशाच्या आहेत, हे ठरल्याखेरीज तो मार्गही निरुपयोगी ठरतो. माल किती होता, तो कोणत्या वेळी संपला आणि त्यानंतर किती जण रिकाम्या हाती परतले, या तीन गोष्टी स्वतंत्रपणे टिपल्या गेल्या पाहिजेत. यांपैकी तिसरा आकडा बहुधा कोणत्याच वहीत नसतो. आणि मागणी या शब्दाचा मूळ अर्थ तर नेमका त्याच्याशीच निगडित आहे.